ओल्या कातड्याचा बुधला

डोंगरकड्याच्या आठवडी बाजारात तुपाची ओळ जिथं संपायची तिथं गुलाम नबी बसायचा, आणि त्याच्या पलीकडे कोणी बसायचं नाही. कारण वास. चुन्यात भिजलेल्या कातड्याचा वास एकदा अंगाला लागला की नदीवर घासूनही जात नाही. त्याची बायको खतीजाबी सांगायची की लग्न होऊन आली तेव्हा कितीतरी दिवस तिला घास गिळवत नव्हता. मग हळूहळू तिचंही नाक मेलं आणि संसार सुरळीत चालला.

गुलाम नबी बुधले करायचा. बुधला पाहिलेली माणसं आता फारशी उरली नाहीत, म्हणून सांगितलं पाहिजे. तूप किंवा तेल ठेवायचं ते कातड्याचं भांडं. पोट मोठं, मान आखूड, तोंडाला जाड कातड्याचं कडं. बैलाच्या पाठीवरून पडलं तरी फुटत नाही, मडक्यासारखं तडकत नाही, पितळेसारखं तुपाला कळकवत नाही. गावात कातड्याला हात लागला तर आंघोळ करणारी मंडळी होती, आणि तीच मंडळी त्याच कातड्यातलं तूप देवापुढच्या निरांजनात घालायची. तुपाला विटाळ नसतो, पाण्याला असतो, असं त्यांचं म्हणणं. या एका बाबतीत धर्माचं आणि कातड्याचं चांगलं जमत होतं. तुपाला दोघांचीही हरकत नव्हती. हरकत होती ती पाण्याला.

कातड्याला पाण्याचं काय वावडं, हे गुलाम नबीला त्याच्या बापानं, फकीर अहमदनं, शिकवलं होतं. कच्चं कातडं, म्हणजे बाभळीच्या सालीत न कमावलेलं, पाण्यात टाकलं की ते पाणी पितं. फुगतं, जाड होतं, शेवटी उकडलेल्या खोबऱ्यासारखं मऊ आणि पांढुरकं होतं. त्याच्या आत हजार बारीक वाटा असतात, त्या पाण्यानं उघडतात. असं फुगलेलं कातडं मातीच्या साच्यावर तुकड्याला तुकडा चढवून थापायचं आणि सावलीत वाळवायचं. पाणी निघून जातं तशा त्या वाटा मिटत जातात, तुकडे एकमेकांना घट्ट धरतात, आणि शिंगासारखं टणक भांडं तयार होतं. मग आतला मातीचा साचा ठोकून फोडायचा, भुगा तोंडातून झटकायचा. त्यानंतर तूप घाला, तेल घाला, वर्षानुवर्षं राहील. तेलाला त्या वाटा उघडता येत नाहीत. पाण्याला येतात.

बाप म्हणायचा, कातडं माणूस ओळखून दार उघडतं. उरुसाला अत्तरवाले यायचे, ते फकीर अहमदकडून लहान लहान कुप्या करून घ्यायचे. ताज्या अत्तरात पाण्याचा अंश राहतो. कुपी चार दिवस उन्हात ठेवली की तो अंश कातड्यातून बाहेर निघून जातो आणि अत्तर आत राहतं. काचेची बाटली ही चाकरी करत नाही. काच बिचारी कोणालाच बाहेर जाऊ देत नाही.

यातूनच पट्टीची रीत निघाली होती. वाळलेल्या कच्च्या कातड्याची बोटभर पट्टी कोमट तुपात सोडायची आणि दुसऱ्या दिवशी काढायची. तूप निखळ असेल तर पट्टी गेली तशीच बाहेर येते, वाटीच्या काठावर आपटली तर टक् वाजते. तुपात ताक किंवा पाणी राहिलं असेल तर ती लोंबते. दारूलाही हाच कायदा. एकदा आबकारीच्या जमादारानं मोहाच्या दारूत पाणी मिसळल्याचा संशय घेऊन फकीर अहमदला बोलावून नेलं होतं. पहिल्या धारेच्या कडक दारूत पट्टी पांढरी पडून ताठ झाली, कलालाच्या दुकानातल्या दारूत फुगली. जमादारानं कलालाचं काय केलं ते माहीत नाही. पण कडक दारू त्यानं जप्त करून घरी नेली, आणि फकीर अहमदची दाढी मात्र त्या दिवसापासून बाजारात मानानं पाहिली जाऊ लागली.

तर असा हा धंदा, आणि त्याचा एक नियम. साचा फोडल्यावर बुधल्याच्या आत मातीची धूळ चिकटून राहते. ती पाण्यानं धुवायची नाही. करडीचं तेल ओतायचं, बुधला घोळवायचा, धूळ घेऊन तेल बाहेर येतं, ते गाळून पुन्हा वापरायचं. इतका साधा नियम मोडायचं काही कारण नव्हतं, जोवर घरात तेल होतं तोवर.

गुलाम नबीच्या हातात धंदा आला तेव्हा त्याला उतरती कळा लागलेली होती. रॉकेलचे चौकोनी डबे आले. रॉकेल संपलं की डबा राखेनं घासायचा आणि त्यात तूप भरायचं. तुपाला रॉकेलचा वास यायचा, पण तो नव्या जमान्याचा वास होता, लोकांनी चालवून घेतला. गुलाम नबी वर्षाला मोजके बुधले करायचा, उरलेल्या दिवसांत मोटेचं कातडं शिवून द्यायचा आणि बाजारात ओळीच्या शेवटाला बसून डब्यांना शिव्या घालायचा.

मग युद्ध लागलं आणि डबे गायब झाले. पत्रा कुठल्या कुठं लढाईवर गेला. ज्यांनी बुधल्याला नाकं मुरडली होती तेच लोक दारात येऊन उभे राहिले. गुलाम नबीला हे मनापासून आवडलं, त्यानं ते लपवलंही नाही. चार माणसांना दारात ताटकळत ठेवायचं सुख त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं. पण डब्यांबरोबर बाकीच्याही गोष्टी महाग झाल्या होत्या, आणि त्यात करडीचं तेल होतं. खतीजाबीनं एक दिवस सरळ विचारलं, हे तेल भाजीत घालू का तुझ्या भांड्यात.

त्यानं तेल भाजीला दिलं आणि बुधला पाण्यानं विसळला. विसळायचा, लगेच उपडा करायचा, वैशाखाच्या उन्हात ठेवायचा. संध्याकाळपर्यंत आत हात घातला तर कोरडा ठणठणीत. कातड्यानं पाणी पिण्याच्या आतच ते काढून घेतलं, असा त्यानं हिशेब केला. तो चुकीचाही नव्हता. त्या उन्हाळ्यात त्यानं विसळलेले बुधले सगळे टिकले. बापाचा नियम हा बापाच्या काळचा असावा, असं त्याला वाटू लागलं. मग पाऊस सुरू झाला, आणि तो विसळतच राहिला.

आता पारुबाईविषयी. डोंगरकड्यापासून दोन-एक कोसावर माळावर तांडा होता, किसनसिंग नाईकाचा. तिथली वसरामची बायको पारुबाई तुपाच्या ओळीत पहिली बसायची. पहिली बसते म्हणजे सगळ्यात आधी येते असं नाही. ती कधीही आली तरी तिची जागा रिकामी ठेवलेली असायची. ती लोणी फार वेळ कढवायची. कढईत तडतड थांबून तूप गप्प झालं, की त्यानंतरही थोडा वेळ चुलीवर ठेवायची. त्यानं तूप कमी पडतं हे तिला समजत होतं. पण डोंगरकड्याचे माणिकराव, जे आसपासचं तूप गोळा करून वारंग्याच्या फाट्यावरून लॉरीनं नांदेडला पाठवायचे, ते सगळ्यांच्या तुपात बोट बुडवून बघायचे आणि पारुबाईचा बुधला झाकण न उघडता घ्यायचे. भरल्या बाजारात, सगळ्यांदेखत, झाकण न उघडता. पारुबाईच्या अंगावर चांदी होती, कवड्या होत्या, आरशांची काचोळी होती. पण ती मिरवायची ते हे.

आणि तांड्याची एक रीत होती. बाजारात ज्याच्या मालाला खोट निघेल त्यानं पुन्हा त्या बाजारात बसायचं नाही. एकाच्या खोटीनं सगळ्या तांड्याचं तूप बाद होतं, म्हणून नाईकानं घातलेली ही रीत. तिच्यात कोणाला दयामाया नव्हती.

श्रावणात पारुबाईनं जुना बुधला गळायला लागला म्हणून नवा मागितला. गुलाम नबीनं तो केला, साचा फोडला, पाण्यानं विसळला. ऊन नव्हतं. त्यानं तो चुलीजवळ उपडा ठेवला आणि बाजाराच्या दिवशी सकाळी आत हात घालून बघितलं. बुडाशी, जिथं तुकड्यावर तुकडा येतो, तिथं बोटाला किंचित गार लागलं. ओलं म्हणावं असं नाही. गार. तो क्षणभर थांबला. पण पारुबाई दारात उभी होती, मागं आणखी दोघं होते, आणि आपल्या मालाला दारात गर्दी आहे ही गोष्ट त्याला नवी होती. त्यानं बुधला देऊन टाकला.

पारुबाईनं तो तांड्यावर नेला आणि आपल्या सवयीप्रमाणं कढईतलं तूप निवू न देता ऊन ऊनच ओतलं. कोरड्या बुधल्याला त्यानं काही होत नाही, तिची आईही तसंच ओतायची. पण ओल्या कातड्याला कढत तूप लागलं की त्याचा सरस, म्हणजे डिंकासारखा चिकट लगदा, होतो. बुडाच्या सांध्यात आतल्या आत तेच झालं. वरून बुधला टणक, आतून त्याची खळ झालेली. माणिकरावांनी तो झाकण न उघडता घेतला, वारंग्याला लॉरीच्या टपावर चढवला, आणि फाटा सोडून थोडं पुढं गेल्यावर बूड सुटलं. तूप खाली बसलेल्या उतारूंच्या डोक्यावर, एका लग्नाच्या बस्त्यावर आणि नांदेडच्या एका वकिलाच्या कोटावर पडलं. वकील असल्यामुळं गोष्ट वाढली.

पुढच्या बाजारी माणिकरावांनी तो फाटका बुधला तुपाच्या ओळीपुढं आणून ठेवला. माणिकराव वाईट माणूस नव्हते. पण त्यांनी नांदेडला बोलणी खाल्ली होती आणि ती कोणाच्या तरी पदरात टाकल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हती. तुपात पाणी असलं की बुधला सुटतो, हे बाजारात लेकरालाही माहीत होतं. तेव्हा सगळे पारुबाईकडं बघत होते. ती उभी राहिली आणि म्हणाली की माझ्या तुपात पाणी नव्हतं. तेवढंच म्हणाली. मग तिनं ओळीच्या शेवटाकडं पाहिलं, आणि तिच्यामागोमाग सगळ्यांनी पाहिलं.

गुलाम नबीला बोलावणं आलं. त्यानं बुधला उचलला, सुटलेलं बूड उलटून बघितलं. तुपात पाणी असतं तर ते दिवसेंदिवस हळूहळू झिरपलं असतं, बाहेरच्या अंगाला घाम आला असता, कातडं बाहेरपर्यंत मऊ पडलं असतं. बाहेरचं अंग खणखणीत होतं. आतल्या सांध्यात तेवढा चिकट, पिवळट लगदा होता. त्यानं तो नाकाशी नेला. सरसाचा वास. सगळ्या वासांना मेलेलं त्याचं नाक या एका वासाला मेलेलं नव्हतं. बोटाला गार लागलं होतं ती जागा हीच.

पट्टीची रीत त्याला माहीत होती. तिच्या घरचं तूप आणवून, पट्टी टाकून, उद्या सगळ्यांसमोर टक् वाजवून दाखवता आली असती. पण पट्टी वाजली की पुढचा सवाल उघड होता: तुपात पाणी नव्हतं, तर मग कुठून आलं. त्याच्या घरी चुन्यात कातडी भिजत होती, दारात माणसं होती, आणि बुधले पाण्यानं धुतो असं कळल्यावर एकही माणूस राहिला नसता.

माणिकराव म्हणाले, “नबीभाई, तुमचं काय म्हणणं?”

“पाणी लागल्याबिगर बुधला सुटत न्हाई, मालक,” गुलाम नबी म्हणाला.

बोलला ते खरंच होतं, अक्षर न् अक्षर. माणसाला खोटं बोलता येत नसलं की तो असं काहीतरी शोधतो. बाजारानं मान डोलावली. पारुबाईनं त्याच्याकडं एकदा नीट पाहिलं, जणू त्याचं तोंड आज पहिल्यांदाच बघत होती, मग आपली चुंबळ उचलली आणि चालू लागली. पुढच्या बाजारी तिची जागा रिकामी होती. त्याच्या पुढच्या बाजारी तिथं दुसरी बाई बसली.

गुलाम नबीनं त्या दिवशी घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर खतीजाबीच्या हातातली तेलाची बरणी काढून घेतली. त्यानंतरचा प्रत्येक बुधला तेलानं धुतला. जवारीच्या भाकरीबरोबर नुसतं मीठ-मिरची खायची वेळ आली तरी धुतला. खतीजाबीनं पहिल्या दिवशी विचारलं, “आता तेल काहून?” तो बुधला घोळवत राहिला. त्या दिवसापासून ती त्याला जेवायला वाढताना त्याच्याकडं बघेनाशी झाली. ती काही फार शिकलेली बाई नव्हती, पण तेल कधी बंद झालं आणि कधी सुरू झालं, आणि मध्ये कोणाचं नाव गेलं, एवढं तिला कळत होतं.

धंदा चालला. युद्ध चाललं तोवर चांगला चालला. घरावर नवी कौलं चढली. गुलाम नबीला आता ओळीच्या मध्ये जागा मिळाली होती, वास तोच असूनही. त्याला बरं वाटायला हवं होतं आणि पुष्कळदा वाटतही होतं. माणसाचं मन अशा बाबतीत सोशिक असतं. दुसऱ्याचं दुःख त्याला बरंच सोसता येतं.

मग एकदा चुना आणायला तो हिंगोलीला गेला. बाजार उठायच्या बेताला आला होता. भाजीवाल्यांच्या पार पलीकडे, मासे विकणाऱ्या बायांच्याही पुढं, जिथं गिऱ्हाईक सहसा पोचत नाही, तिथं पारुबाई बसली होती. पुढ्यात पितळेचं भांडं, वर पळसाचं पान. डोंगरकड्यात बसता येत नाही म्हणून ती तांड्यावरून एवढं लांब, ओळख नसलेल्या गावात, तूप विकायला येत होती. तूप पितळेत हिरवट पडायला लागलं होतं, ते त्याला लांबूनही दिसलं. अंगावरची चांदी कमी झाली होती.

त्याला काहीतरी बोलायचं होतं. काय ते ठरलं नव्हतं. तो दोन पावलं पुढं गेला तेवढ्यात तिनं त्याला पाहिलं. ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिनं घाईघाईनं पान नीट झाकलं, भांडं उचललं आणि उठून गर्दीत शिरली. तिला वाटलं, हा आता इथंही सांगणार.

चुना न घेताच तो परत आला. वाटेत एका गावी कोणाच्या तरी ओट्यावर बसला, कोणी पाणी दिलं ते प्यायला, आणि पुन्हा चालू लागला. घरी खतीजाबीनं चुना कुठं म्हणून विचारलं तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं, श्रावणातल्या गार बोटापासून. ती म्हणाली, हे मला सांगून काय उपयोग.

दुसऱ्या दिवशी तो तांड्यावर गेला. वसरामनं बाज टाकली, पण बस म्हणाला नाही. गुलाम नबी उभाच राहिला. खिशातून त्यानं कातड्याची पट्टी काढली आणि पारुबाईला म्हणाला की वाटीभर तूप दे, यात ही टाकू, उद्या सकाळी नाईकाला बोलावून दाखवू, तुझ्या तुपात पाणी नव्हतं. बुधला मी पाण्यानं धुतला होता. शेवटचं वाक्य त्यानं इतक्या हळू म्हटलं की वसरामनं पुन्हा विचारलं. तेव्हा त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ते जास्त जड गेलं.

पारुबाई पट्टीकडं बघत राहिली. तिनं ती हातात घेतली नाही.

“माझ्या तुपात पाणी नव्हतं हे मला ठावं हाये, नबीभाई. ह्या घरात समद्यांना ठावं हाये. ते हितं काहून सांगून राहिले?” ती म्हणाली. “जिथं बोलले तिथं बोला.”

तिनं तूप दिलं. पळसाच्या पानाच्या द्रोणात, काठोकाठ.

बाजाराच्या दिवशी गुलाम नबीनं ओळीच्या मधोमध दोन वाट्या मांडल्या. एकीत पारुबाईचं तूप, एकीत पाणी, दोन्हींत आदल्या दिवशी टाकलेली एकेक पट्टी. त्यानं माणिकरावांना बोलावलं, किसनसिंग नाईकालाही निरोप धाडला होता, तो आला होता. पाण्यातली पट्टी त्यानं काढली, ती गोगलगाईसारखी लोंबली. तुपातली काढून वाटीवर आपटली, ती वाजली. मग तो बोलला. हात जोडले नाहीत, आवाज चढवला नाही. बुधला पाण्यानं धुतला, ओला दिला, सरसाचा वास मला त्याच दिवशी आला होता, आणि मी गप्प बसलो. बाईचं तूप निखळ होतं.

त्याला वाटलं होतं लोक चिडतील, कोणी अंगावर येईल. तसं काही झालं नाही. माणिकरावांनी व्यापारी माणसाच्या मनात जो सवाल पहिला येतो तो विचारला: तसे पाण्यानं धुतलेले आणखी किती बुधले माझ्या कोठीत आहेत. गुलाम नबीला ते सांगता येईना. त्यानं खरंच मोजले नव्हते.

त्यापुढच्या बाजारी त्याच्यासमोर बुधल्यांचा ढीग लागला. पाण्यानं धुतलेले, तेलानं धुतलेले, बापाच्या हातचे, सगळे परत. तेलानं धुतलेला कोणता ते त्याला बाहेरून ठोकून ओळखता येत होतं, आणि तो ओळखून सांगतही होता; पण आता त्याच्या सांगण्यावर कोणाचा भरवसा नव्हता, आणि यात त्यांची चूक काढता येण्यासारखी नव्हती. तोवर युद्धही संपलं होतं. डबे पुन्हा दिसायला लागले होते, या वेळी वनस्पती तुपाचे, रंगीत चित्रं छापलेले. त्याला ओळीच्या शेवटची जुनी जागा परत मिळाली.

पारुबाईलाही तिची जागा परत मिळाली. नाईकानंच तिथल्या बाईला उठवलं. माणिकराव आले, तिच्यापुढं बसले, बरं आहे ना म्हणून विचारलं, आणि भांड्याचं झाकण उघडून तुपात बोट बुडवलं. बोट चाटलं, मान डोलावली, तूप घेतलं. चांगल्या भावात घेतलं. पुढच्या बाजारी पुन्हा झाकण उघडलं. त्यानंतरही दर वेळी उघडलं. त्यांचा तिच्यावर काही राग नव्हता. उलट तिला वाईट वाटू नये म्हणून ते चार शब्द जास्त बोलायचे. पण झाकण न उघडता तूप घ्यायचा दिवस परत आला नाही. गुलाम नबीला शेवटच्या जागेवरून हे दर आठवड्याला दिसायचं. तिचं नाव त्यानं परत आणलं होतं, पण जे गेलं होतं ते नाव नव्हतं, हे त्याला तेव्हा कळलं.

दिवाळीनंतर एका सकाळी दारात कवड्यांचा आवाज आला. त्याच्या दारात येऊन कोणी उभं राहायचे दिवस सरले होते, म्हणून तो आधी उठलाच नाही. पारुबाई उंबऱ्याशी होती, हातात एक लहान बरणी. पितळेत तूप कळकतं, बुधला पाहिजे, म्हणाली. त्याला वाटलं आपण चुकून ऐकलं. त्यानं सांगितलं की आता कोणी माझ्याकडून नेत नाही, डबा घ्या.

एक साचा वाळून तयार होता, कातडं चढवून झालेलं. एरवी तो दोन दिवसांनी या म्हणाला असता. पारुबाई ओसरीवर बसली आणि बुधला होईपर्यंत हलायचं तिच्या मनात दिसत नव्हतं. खतीजाबीनं तिला चहा दिला, तो ती प्यायली. दोघी लोण्याच्या भावाविषयी, म्हशींविषयी काहीबाही बोलल्या. गुलाम नबीनं साचा ठोकला, भुगा झटकला, आत हात घालून सगळीकडून फिरवला. बुडाचा सांधा त्यानं दोनदा चाचपला. कोरडा होता. आपल्यालाच खात्री वाटेना म्हणून त्यानं तो उन्हात धरून आत डोळा लावला.

मग तो तेल आणायला उठला.

“ऱ्हाऊ द्या,” पारुबाई म्हणाली. “तेल मी आणलं हाये.”

ती पुढं आली, बरणीचं फडकं सोडलं. बुधल्याचं तोंड त्यानं धरलं, आणि तेल तिनं स्वतः ओतलं.